आजोबांचा कायदा

झाडं वाचवायला म्हणून आलेल्या कायद्याने एवढी माणसं आत घातल्याचं दुसरं उदाहरण आपल्या देशात सापडायचं नाही. 1978 साली शेख अब्दुल्लांच्या सरकारने जम्मू-काश्मीर सार्वजनिक सुरक्षा कायदा (पीएसए) आणला, तेव्हा कारण सांगितलं होतं लाकूडचोरांचं. जंगलं साफ करणारे तस्कर माजलेत, नेहमीच्या कायद्याला ते दाद देत नाहीत, म्हणून हा बंदोबस्त. देवदारांचं पुढे काय झालं ते वनखात्याला विचारा. या कायद्याखाली मात्र आजवर वकील आत गेले, पत्रकार गेले, दगड मारणारी पोरं गेली, दगड न मारणारी पोरं गेली आणि तीन माजी मुख्यमंत्रीही जाऊन आले.

कायद्याची रचना मोठी सुटसुटीत आहे. गुन्हा घडावा लागत नाही. तो घडेल असं जिल्हाधिकाऱ्यांना किंवा विभागीय आयुक्तांना वाटावं लागतं. सार्वजनिक सुव्यवस्थेला धोका वाटला तर एक वर्षापर्यंत आत, राज्याच्या सुरक्षेला वाटला तर दोन वर्षांपर्यंत. आरोपपत्र नाही, खटला नाही, जामीन नाही. अटकेची कारणं लेखी देतात, पण जी उघड करणं सार्वजनिक हिताचं नाही ती न सांगण्याची मुभाही तिथेच देऊन ठेवली आहे. मग प्रकरण सल्लागार मंडळापुढे जातं, आणि तिथे वकील नेता येत नाही. म्हणजे आपण नक्की काय करणार होतो हे ज्याला धड सांगितलेलंच नाही, त्याने ते आपण करणार नव्हतो हे एकट्याने पटवून द्यायचं. आदेश काढणाऱ्या साहेबांवर मात्र, हेतू प्रामाणिक असेल तर, दावा लावता येत नाही. आणि साहेबांच्या हेतूबद्दल शंका कोण घेणार?

शंका अधूनमधून उच्च न्यायालय घेतं, पण हेतूबद्दल नव्हे, अक्षरांबद्दल. कितीतरी आदेश रद्द झाले ते एवढ्याच कारणाने, की पोलिसांनी पाठवलेला मजकूर जिल्हाधिकाऱ्यांनी जसाच्या तसा उतरवून खाली सही केली होती. स्वतःचं डोकं चालवल्याची खूण कुठे नव्हती. शाळेत शेजारच्याचं बघून लिहिणाऱ्याला बाकावर उभं करतात. इथे नक्कल साहेबांची आणि बाकावर तिसराच, तोही आग्र्याच्या किंवा बरेलीच्या तुरुंगात. पूर्वी राज्यातल्या रहिवाशाला राज्याबाहेर ठेवता येत नसे. ती अडचण 2018 मध्ये दूर केली. आता खोऱ्यातला बाप मुलाच्या भेटीला आग्र्यापर्यंत जाऊ शकतो. पर्यटनाला चालना म्हणतात ती हीच असावी. आदेश रद्द झाला तरी निराश व्हायचं कारण नसतं, कारण नवा आदेश काढता येतो आणि तसा तो काढतातही.

आता अब्दुल्ला घराण्याकडे येऊ. शेखसाहेब स्वतः 1953 च्या ऑगस्टमध्ये आत गेले आणि मधले काही महिने सोडले तर 1964 पर्यंत आतच होते. खटला भरला, तो वर्षानुवर्षं चालला आणि शेवटी सरकारनेच मागे घेतला. दोष सिद्ध न होता तुरुंगवास म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं जवळून कोणी पाहिलं असेल? आणि बाहेर येऊन, सत्ता मिळाल्यावर, त्यांनी हा कायदा केला. मुलगा फारूक मुख्यमंत्री झाला, कायदा वापरला. नातू ओमर मुख्यमंत्री झाला, त्यानेही वापरला. 2012 मध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांना त्यातून वगळलं, एवढी सुधारणा केली. आजोबांनी झाड लावावं आणि फळं नातवाने खावीत, असं आपण म्हणतो. सप्टेंबर 2019 मध्ये फारूकना पीएसए लागला, फेब्रुवारी 2020 मध्ये ओमरना.

फारूक यांचं प्रकरण तर लोभस आहे. 6 ऑगस्ट 2019 रोजी गृहमंत्र्यांनी लोकसभेत सांगितलं, की त्यांना अटक नाही, स्थानबद्धताही नाही, ते आपल्या मर्जीने घरी आहेत. सप्टेंबरात त्यांच्या त्याच घराला तुरुंग ठरवण्यात आलं. मर्जी तीच, पत्ता तोच, फक्त दर्जा वाढला.

ओमर यांच्या पोलिसी डोझियरमधला एक मुद्दा आमच्या निवडणूक आयोगाने फ्रेम करून लावावा असा आहे. दहशतवाद ऐन भरात असताना, मतदानावर बहिष्कार पुकारलेला असताना, या गृहस्थाने लोकांना मतदानासाठी बाहेर काढलं, यावरून याचं वजन ओळखा, असा त्याचा आशय. म्हणजे जे काम दिल्लीला सत्तर वर्षं हवं होतं तेच त्यांनी केलं, आणि तोच पुरावा ठरला. तिसऱ्या माजी मुख्यमंत्री मेहबूबा मुफ्ती यांच्या कागदात तर त्या वडिलांच्या लाडक्या लेक असल्याचं आणि लोक त्यांना चौदाव्या शतकातल्या कोटा राणीच्या नावाने ओळखत असल्याचं नोंदवलं होतं. पक्षाच्या झेंड्याचा हिरवा रंगही सुटला नाही. सहाशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या राणीमुळे 2020 साली स्थानबद्ध होणारी ही बहुधा पहिलीच बाई. अर्थात मेहबूबांच्या कारकिर्दीत, 2016 मध्ये, हाच कायदा शेकडोंना लागला होता. त्यांच्या कागदांत कोणत्या राण्या होत्या, हे तेव्हा वाचायला कोणाला सवड नव्हती.

कलम 370 गेलं, राज्याचे बरेचसे वेगळे कायदे गेले, राज्यही गेलं. पीएसए राहिला. पुढे 2024 मध्ये तो रद्द करण्याचं आश्वासन देऊन ओमर पुन्हा मुख्यमंत्री झाले, पण पोलीस नायब राज्यपालांकडे. सप्टेंबर 2025 मध्ये डोड्याचे आमदार मेहराज मलिक यांना पीएसए लागला तेव्हा मुख्यमंत्र्यांनी निषेध नोंदवला. आजोबांच्या कायद्याचा निषेध नातवाच्या हाती आला, कायदा काही आला नाही.

यावर लगेच कोणीतरी विचारेल, पहलगाम विसरलात का? नाही विसरलो. तिथल्या दहशतवादी हल्ल्यात महाराष्ट्रातली सहा माणसं गेली. पण बंदूक घेऊन येणाऱ्यासाठी फाशीपर्यंतचे कायदे आहेत, यूएपीए आहे, न्यायालयं आहेत. पुरावा असेल तर तिथे न्या. पुरावा नसेल तेव्हाच पीएसए लागतो, आणि पुरावा नसलेला माणूस धरून ठेवल्याने पुरावा असलेला माणूस सापडत नाही. मला तरी हा कायदा आळशी तपासाचा मुक्काम वाटतो.

आणि हे फक्त काश्मीरचं खूळ आहे असंही नाही. 1950 साली सरदार पटेलांनी प्रतिबंधक स्थानबद्धतेचं विधेयक मांडताना झोप उडाल्याचं सांगितलं होतं. कायदा एका वर्षासाठी होता. ते वर्ष 1969 च्या अखेरीला संपलं. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने सल्लागार मंडळाच्या मताशिवायची स्थानबद्धता तीन महिन्यांवरून दोन महिन्यांवर आणायचं ठरवलं. संसदेने मंजुरी दिली, राष्ट्रपतींनी सही केली, पण ते कलम अमलात आणायची अधिसूचना आजतागायत निघालेली नाही. ते कलमच बिनखटल्याचं आत आहे. आपल्या महाराष्ट्रात 1981 पासून एमपीडीए हा स्थानबद्धतेचा कायदा आहे. सुरुवात झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांपासून झाली, आता त्यात वाळूतस्करही बसतात. लाकडावरून सुरुवात झालेल्या कायद्याची हकिगत वर दिलीच आहे.

पण महाराष्ट्राने या विषयात एक मार्ग दाखवलाय, तो काश्मीरने जरूर पाहावा. आणीबाणीत मिसाखाली, खटल्याशिवाय, ज्यांना येरवड्यात आणि इतर तुरुंगांत डांबलं त्यांना 2018 मध्ये राज्य सरकारने दरमहा मानधन सुरू केलं. 2020 मध्ये दुसऱ्या सरकारने ते बंद केलं, 2022 मध्ये तिसऱ्याने चालू केलं, 2025 मध्ये रक्कम दुप्पट झाली. तेव्हा जम्मूच्या कोट भलवालमध्ये, श्रीनगरच्या सेंट्रल जेलमध्ये, आग्र्यात, बरेलीत बसलेल्या सर्व बंधूंना विनंती, की आपला स्थानबद्धतेचा आदेश नीट घडी घालून ठेवावा, झेरॉक्स दोन-तीन काढून ठेवाव्यात. आमच्याकडे 43 वर्षं लागली. एक महिन्याहून जास्त आत राहिलेल्यांना दरमहा वीस हजार मिळतात, कमी राहिलेल्यांना दहा.