पुरावेकाका

पुरावेकाकांची ओळख करून देण्याची गरज नाही. प्रत्येक सोसायटीत एक असतातच. आज फार उकडतंय म्हणावं, तर काका विचारणार, "पुरावा?" चहात साखर घातलीय म्हणावं, तरी "पुरावा?" पंगतीत साजूक तुपातली म्हणून जिलबी वाढणाऱ्याचा हात ताटावर अधांतरी राहतो. समोरचा गप्प झाला म्हणजे आपलं खरं ठरलं, असा काकांचा समज. त्या समजाला पुरावा काय, हे मात्र कोणी विचारत नाही.

विचारण्यात चूक नाही; विचारून खुर्चीतच बसून राहण्यात आहे. आकाशातून दगड पडतात असं शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या सांगत होते आणि अठराव्या शतकातले युरोपचे बहुतेक विद्वान हसत होते. 1768 मध्ये फ्रान्समधल्या लुसे गावी पडलेला दगड तपासणाऱ्यांत खुद्द रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होता. निकाल लागला की दगड इथलाच, फार तर त्यावर वीज पडली असेल. शंका भारदस्त होती, फक्त चुकली होती. पुढे 26 एप्रिल 1803 रोजी लेग्ल गावाच्या परिसरात सुमारे 3,000 दगड कोसळले. तेव्हा बियो नावाचा तरुण शास्त्रज्ञ तिथे गेला, शिवारं तुडवली, गावकऱ्यांच्या जबान्या घेतल्या, आणि दगडांना आकाशात जागा मिळाली. आपल्या लोणारच्या विवराचंही असंच. भोवती सगळा ज्वालामुखीचा काळा कातळ, म्हणजे विवरही त्याचंच, हे शहाणपण फार काळ टिकलं. 1973 मध्ये विवराच्या पोटातल्या खडकात आघाताने काचेसारखं झालेलं खनिज दाखवलं गेलं, तेव्हा उल्का मान्य झाली. लवणासुर राक्षसाची गोष्ट सांगणारे गावकरी निदान इथे काहीतरी भयंकर घडलं एवढं तरी कबूल करत होते!

मन उघडं ठेवलं की कोणीही बुवा आत शिरतो, हा आक्षेप महाराष्ट्रात तरी हसण्यावारी नेता येत नाही. पण 21 सप्टेंबर 1995 रोजी गणपती दूध पिऊ लागले, तेव्हा नुसत्या हेटाळणीने काही उलगडलं नाही. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून चमचा मूर्तीला लावला आणि पृष्ठताणाने ओढलं गेलेलं दूध मूर्तीवरून रंगीत ओघळताना दिसलं. बुवाला उघडं पाडायचं तरी आधी चमचा हातात घ्यावा लागतो. काका तो घेत नाहीत. न जाणो, मूर्ती प्यायलीच तर?

तरीही काका हवेत. दामदुप्पट योजनेचा एजंट त्यांचा मजला टाळतो, आणि त्यामुळे शेजारच्या तीन घरांच्या ठेवी शाबूत राहतात. शिवाय त्यांच्याकडूनही एक चूक दरवर्षी होते. परदेशातली लेक फोनवर म्हणते, "बाबा, यंदा दिवाळीला नक्की येते." मागच्या चार दिवाळ्यांचा पुरावा विरुद्ध असतो. काका काही विचारत नाहीत. पिशवी घेऊन चकलीची भाजणी दळायला निघतात.