पाणी फिरते, तरी प्रोसेसर तापतो

लिक्विड कूलर लावलेल्या संगणकाच्या प्रोसेसरने नव्वदी ओलांडली की मालकाचा पहिला संशय पंपावर जातो, दुसरा पेस्टवर आणि तिसरा दुकानदारावर. हा प्रोसेसर मुळात किती तापावा अशी त्याची घडण आहे, हा प्रश्न बहुधा नवा कूलर मागवून झाल्यावर पडतो. तपास तिथूनच सुरू करावा. २०२२ साली आलेले रायझन ७००० मालिकेतले ‘एक्स’ अक्षराचे प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ अंश सेल्सिअसपर्यंत मुद्दाम जातात. थंडावा जास्त मिळाला तर तो ते वेग वाढवण्यात खर्च करतात, त्यामुळे दुप्पट महाग कूलर लावूनही आकडा जवळपास तोच राहतो. इंटेलच्या अलीकडच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांची आहे. तिथे पोचताच ते आपणहून वेग कमी करतात, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर यंत्र बंद होते. जळून जाण्याची धास्ती मालकाला असते, प्रोसेसरला नसते. २०१७ च्या पहिल्या रायझनांपैकी १७००एक्स आणि १८००एक्स तर प्रत्यक्षापेक्षा २० अंश जास्त सांगत, कारण सगळ्या मालिकेत पंख्यांचे वागणे एकसारखे राहावे अशी रायझन बनवणाऱ्या कंपनीची इच्छा होती. त्या वर्षी बऱ्याच ठणठणीत यंत्रांवर उपचार झाले असावेत.

दुसरा मुद्दा खोलीचा. विदर्भात खिडकीला लावलेला वाळ्याच्या ताट्यांचा कूलर बाहेरच्या हवेपेक्षा थंड हवा देतो, कारण त्यातले पाणी उडून जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. संगणकातले पाणी नळीत कोंडलेले असते. ते प्रोसेसरची उष्णता रेडिएटरपर्यंत नेते आणि पुढे पंखे ती खोलीतच सोडतात. म्हणून खोलीच्या हवेपेक्षा खाली उतरणे या कूलरला शक्यच नाही. नागपुरात जानेवारीत खोली २० अंशांवर असताना ६५ दाखवणारा प्रोसेसर मे महिन्यात, खोली ३८ वर गेल्यावर, त्याच कामाला ८३ च्या आसपास दाखवतो. यात बिघाड कसलाच नाही, फक्त मे महिना आहे.

एवढे करूनही आकडा खटकत असेल, तर आकडा सोडून घड्याळ पाहावे. तपासात याच्याइतका विश्वासू साक्षीदार दुसरा नाही, आणि याला कोणी विचारत नाही. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापायला सुमारे ४.१८ ज्यूल लागतात. पाणी सावकाश तापणारा पदार्थ आहे, त्यामुळे नळ्यांतले सगळे पाणी तापायला काही मिनिटे जातातच. भार टाकताच आकडा थोडा उसळणे स्वाभाविक आहे. पण दोन-तीन सेकंदांत तो थेट मर्यादेला टेकला, तर उष्णता पाण्यापर्यंत पोचतच नाही. पंधरा-वीस मिनिटे हळूहळू चढत गेला, तर पाण्यात पोचलेली उष्णता बाहेर पडत नाही. या चाचणीसाठी प्राइम९५ वापरण्याची पद्धत आहे. मर्सेन अविभाज्य संख्या शोधण्यासाठी जन्मलेला हा प्रोग्रॅम घरोघरी केवळ प्रोसेसरचा छळ करायला चालवला जातो. दिवसभर फक्त गाणी ऐकणाऱ्या मालकाने त्यातला आकडा पाहून झोप उडवून घेऊ नये.

झटक्यात चढणाऱ्या आकड्याचा उगम प्रोसेसर आणि कूलरची तांब्याची पट्टी यांच्या मध्ये असतो. पट्टीवर संरक्षणासाठी पारदर्शक प्लास्टिक चिकटवलेले येते आणि ‘बसवण्यापूर्वी काढा’ अशी सूचनाही ठळकपणे छापलेली असते. कूलर बसला की ती सूचना पालथी होते आणि ती वाचायला प्रोसेसर एकटाच उरतो. प्लास्टिक काढलेले असेल तर स्क्रू पाहावेत. ते समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडे थोडे आवळायचे असतात. एक कोपरा आधी पूर्ण घट्ट केला की पट्टी तिरकी बसते. पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. जास्त झाली तर बाजूने पसारा होतो, कमी झाली तर प्रोसेसर तापतो.

सावकाश चढणाऱ्या आकड्याचे मूळ रेडिएटरपाशी असते. पंख्याच्या चौकटीवर वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण असतो. तो न पाहता बसवलेले दोन पंखे एकमेकांचे काम निष्ठेने रद्द करत राहतात. पत्र्यांमध्ये धूळ बसते. पुढच्या बाजूला अखंड काच असलेल्या कॅबिनेटमध्ये रंगीत दिवे फार छान दिसतात, हवा मात्र बाहेरच राहते. कॅबिनेटची बाजू उघडून पाहावी. आकडा आठ-दहा अंशांनी उतरला, तर कूलर निर्दोष आहे.

पंपाची पाळी आता येते. बायोसमध्ये त्याचे फेरे दिसतात. शून्य असेल तर वायर तपासावी. पंप मदरबोर्डवर सावकाश चालणाऱ्या पंख्याच्या हेडरला, म्हणजे जोडणीच्या पिनांना, जोडलेला असेल, तर तो पंख्याबरोबर आळसावतो. त्याला कायम पूर्ण वेगाचा हेडर द्यावा. पंप फिरत असेल तर दोन्ही नळ्या साधारण सारख्याच कोमट लागतात. प्रोसेसरवरचा ठोकळा तापलेला आणि रेडिएटर गार, तर प्रवाह थांबला आहे. गुळगुळ आवाज हवेचा असतो. हवा सर्वांत उंच जागी जमते, म्हणून ती जागा पंपाची नसावी.

कधी कधी दोषी मदरबोर्ड निघतो. कोअर आय९ १३९००के साठी इंटेलने सांगितलेली कमाल मर्यादा २५३ वॅट आहे. काही बोर्डांवर मात्र तिथे ४०९६ वॅट लिहिलेले आढळते, म्हणजे दोन गीझर एकदम चालतील एवढी मोकळीक. तिथे २५३ लिहिले की वेग थोडा घटतो आणि तापमान बरेच उतरते.

यातले काहीच लागू पडले नाही, तर पंप गेला आहे किंवा द्रव कमी झाला आहे. नळीच्या भिंतीतून तो वर्षानुवर्षे अगदी सूक्ष्म प्रमाणात उडत असतो, आणि बहुतेक बंद कूलरांत भर घालायची सोय नसते. वॉरंटीत असेल तर बदलून घ्यावा. तोवर साधा हवेचा कूलर लावून यंत्र चालते. त्यात पंप नाही, पाणी नाही, म्हणून तपासायलाही फारसे काही नाही, आणि काही मालक मग तोच ठेवतात.