पंचकल्याणीचं जावळ

मामाच्या वाट्याला काही ठरावीक मान येतात. जावळ काढताना पोराला मांडीवर घ्यायचं, त्यानं भोकाड पसरलं तरी हसतमुख राहायचं आणि शर्टाचं जे काही होईल ते गोड मानून घ्यायचं. माझी भाची तिशीला टेकली तेव्हा या मानातून आपण सुटलो, असं मी धरून चाललो होतो. तर ऐन आषाढात तिचा फोन. "मामा, बिजलीचे पाय भादरायचेत. तू ये."

बिजली म्हणजे तिची घोडी. अजून अंगावर खोगीरही न चढलेली. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला यात्रा भरते, तिथल्या घोडेबाजारातून आणलेली. चारही पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा, म्हणजे पंचकल्याणी. हे लक्षण शुभ मानतात आणि विकणारा त्या शुभाचे पैसे वेगळे लावतो. पांढऱ्या केसांखालची कातडी बहुधा गुलाबी आणि नाजूक असते, हे मात्र तो सांगत नाही. पावसाळा लागला, तबेल्यासमोर चिखल झाला आणि बिजलीच्या खुरांमागच्या खळग्यांत खपल्या धरल्या. घोड्यांनाही चिखल्या होतात! डॉक्टर आले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "केस कापा. पाय लवकर वाळतील, मलमही कातडीपर्यंत पोचेल." एवढं बोलून त्यांनी मोटरसायकलला किक मारली. पुढच्या किका आमच्या वाट्याला आल्या.

नाव बिजली, पण विजेवर चालणाऱ्या वस्तूशी तिचं हाडवैर. केस कापायचं मशीन घुर्र झालं की पाय जागेवर नसायचा. कधी पोटाखाली, कधी हवेत, एकदा बादलीत.

तिच्या बाजूनं पाहिलं तर यात वेडेपणा काहीच नाही. घोडा एकेका पायाच्या एकेका बोटावर, तेही नखाच्या टोकावर उभा असतो. पुढच्या पायाचा आपण ज्याला गुडघा म्हणतो ते खरं तर त्याचं मनगट. एवढ्या नाजूक सरंजामावर चार-पाचशे किलोंचा देह तोलायचा आणि वाघ आला की त्याच्याच भरवशावर पळायचं. शिवाय अंगावर माशी बसली तरी तेवढीच कातडी थरथरवून उडवायची, इतकी जाणीव तल्लख. अशा प्राण्याच्या पायाशी थरथरणारं, भुणभुणणारं काहीतरी आणायचं आणि वर म्हणायचं, हल्लीच्या घोड्यांना वळणच नाही!

बघ्यांपैकी एकानं सल्ला दिला, "वरच्या ओठाला दोरीचा पीळ घाला आणि दाबून धरा. दहा मिनिटांचं काम." तबेल्यातले चाचा शांतपणे म्हणाले, "दहा मिनिटांचं काम दहा वर्षं निस्तरावं लागेल." मला चाचांचं पटलं. एक तर त्यांची उभी हयात घोड्यांत गेलेली, आणि दुसरं म्हणजे दाबून धरायला मलाच बोलावलं गेलं असतं.

मग भाचीनं पर्समधून विजेवर चालणारा टूथब्रश काढला. मशीनपेक्षा आवाज बारीक, थरथर सौम्य. कुणाचा, ते विचारायचं नाही असं तिनं बजावलं. जावई त्या दिवशी गावाला गेले होते एवढंच सांगतो. ब्रश आधी नुसता दूर धरून चालू केला. बिजलीचे कान ताठ. तिचं तोंड चंदीच्या घमेल्यात गेलं तसा तो जवळ आला, खांद्याला लागला, पोटाच्या कडेनं हळूहळू खाली उतरला. मशीनची पाळी आली तेव्हा भाचीनं आपला तळहात बिजलीच्या पायावर ठेवला आणि चालू मशीनची पाठ स्वतःच्याच हाताला टेकवली. थरथर पोचली, पण ओळखीच्या हातातून.

सगळी मेख मशीन बाजूला कधी घ्यायचं यात असते. घोडी पाय झाडते आणि आपण दचकून हात मागं घेतो. ती काय शिकली? झाडला की जातं. म्हणून ती क्षणभर स्थिर उभी राहिली की त्या क्षणाला मशीन दूर. माझं काम तिच्या डोक्याशी दोर धरून उभं राहायचं आणि गप्प बसायचं. दुसरा भाग मला जड गेला. सूचना मनात दाटून येत होत्या.

"साहेब, श्वास सोडा," चाचा म्हणाले. मी खरंच श्वास रोखून धरला होता आणि बिजली माझ्याकडेच बघत होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा खुरानं ठोके देऊन गणितं सोडवायचा. मोठमोठे विद्वान थक्क झाले. ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञानं 1907 मध्ये छडा लावला : उत्तराचा ठोका आला की विचारणाऱ्याची मान नकळत जराशी हलायची, आणि हान्स तेवढ्यावर थांबायचा. जो प्राणी जर्मन प्राध्यापकाची मान वाचतो, त्याला माझं पोट आत ओढलेलं कळणार नाही? मी श्वास सोडला. बिजलीनंही नाक फुरफुरवलं. पहिल्या पायाचे केस भुरुभुरु खाली पडायला लागले.

भाची अधूनमधून पात्याला तेल देई आणि ते तापलंय का, हे आपल्या मनगटाला लावून बघे. याच सुमारास माझ्या ध्यानात आलं, की मी काही वेळ गप्प राहिलो की चहा येतोय. मी तोंड उघडलं की कप ट्रेसकट माघारी. मी निषेध नोंदवणार होतो, पण चहा आल्याचा होता.

तीन पाय झाले. तिसऱ्याला तर बिजलीनं मान खाली टाकली, जबडा सैल सोडून चघळायला लागली. चौथ्याकडे मी हात दाखवला तर भाचीनं मशीन पेटीत ठेवलं.

"अगं, एकच तर राहिलाय!"

"त्याला चिखल्या जवळजवळ नाहीतच. ती आत्ता खुशीत आहे, इथंच थांबायचं. उरलेला उद्या."

अर्धवट काम टाकून उठायचं म्हणजे माझा जीव कासावीस होतो. पण चहाचा तिसरा कप समोर होता, मी गप्प राहिलो. संध्याकाळी घोडेस्वारी शिकणाऱ्या मुलांचे आईवडील आले. तीन पाय गुळगुळीत आणि एक झुपकेदार पाहून एका बाईंनी चाचांना हळूच विचारलं, "ही कुठली जात हो?"

"इंपोर्टेड," चाचा म्हणाले.

बाईंनी लगेच फोटो काढला.