भाचीला गणितात हरवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

मे महिन्याची दुपार, गेलेली वीज आणि सुट्टीला आलेली आठ वर्षांची भाची अशा तिहेरी संकटात सापडलेल्या मामांसाठी हे मार्गदर्शन आहे.

साहित्य: जुन्या वहीची कोरी पानं आणि पेन्सिल. खोडरबर लपवावा. तो हाताशी असला की रडीच्या डावाला ऊत येतो, आणि अनुभव असा की ऊत आणणारे बहुधा मामाच असतात.

फुल्ली-गोळ्यात वेळ दवडू नये. दोघांनाही खेळ समजला की डाव बरोबरीतच सुटतो, आणि बरोबरीसाठी कोणी मामा होत नाही.

त्याऐवजी ठिपके काढावेत, चार ओळींत चार-चार. आळीपाळीने एकेक रेघ मारायची. ज्याच्या रेघेने घर पूर्ण होईल त्याने त्यात आपलं अक्षर लिहायचं आणि पुन्हा खेळायचं. एकोणिसाव्या शतकात एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने हा खेळ छापून प्रसिद्ध केला, तेव्हा आपण पोरखेळ खेळतोय असं वाटून घेऊ नये. खरी गोम शेवटी आहे. घरांची लांब साखळी हाती लागली की सगळीच गिळायचा मोह होतो. पण मग पुढची रेघ आपल्यालाच मारावी लागते आणि दुसरी साखळी भाचीला आंदण जाते. म्हणून शेवटची दोन घरं मुद्दाम सोडावीत: टोकाची रेघ मारायची, दोघांमधली ठेवायची. भाची एका रेघेत दोन घरं घेते, टाळ्या पिटते, आणि नियमाप्रमाणे पुन्हा तिलाच खेळावं लागतं. आता दुसरी साखळी तीच उघडून देते. टाळ्या थांबतात. या क्षणी मामाने खिडकीबाहेर पाहावं.

भाची रुसल्यास देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांना शरण जावं. तांब्याखाली 6174 लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. तिला चार अंकी संख्या धरायला सांगावी. चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. 3524 धरली तर 3087, मग 8352, मग 6174. फार तर सात वजाबाक्या. हातचा चुकला तर जास्त. तेवढ्यात चहा होतो.

उरली वीसची शर्यत. शून्यापासून आळीपाळीने एक किंवा दोन मिळवायचे, वीसला पोचेल तो जिंकला. मामाने वयाचा मान म्हणून पहिली पाळी घ्यावी, दोन म्हणावं, आणि पुढे पाच, आठ, अकरा, चौदा, सतरा ही स्थानकं सोडू नयेत. तिसऱ्या पराभवानंतर भाची म्हणते, “मामा, आता मी आधी.” अशा वेळी उदार मनाने हो म्हणावं आणि सहज बोलल्यासारखं करून शर्यत एकवीसची करावी. एकवीसला दुसरा जिंकतो.

आमच्या घरी भाचीने पेन्सिलीचं टोक चावलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि वही माझ्याकडे सरकवली.

“एकवीस ना? मग तूच आधी.”