बाराशे माणसांचं गाव आणि चार बोटी

“काय गं, अलास्का करून आलीस म्हणे! बर्फाचे फोटो मात्र मला दाखवू नकोस हं. तुझ्या त्या ग्रुपवर बघून बघून माझेच गुडघे धरले. काहीतरी खमंग सांग.”

“बर्फ राहू दे हो काकू. मी तुम्हाला स्कॅगवेचं सांगते. एवढंसं गाव, पण भानगडी इतक्या की तुमची रात्री आठची मालिका फिकी पडेल.”

“थांब, गवार घेऊन येते. शिरा काढता काढता ऐकीन.” काकूंनी परात कंपाउंडच्या भिंतीवर ठेवली, चष्मा सारखा केला. “हं. बोट लागली का गं तुला?”

“नाही हो. सिएटलहून निघाल्यावर थोडं उघड्या समुद्रातून जावं लागतं, पण पुढे बेटांच्या आणि डोंगरांच्या आडोशानं जाते. पाणी अगदी संथ. स्कॅगवे म्हणजे त्या वाटेवरच्या खाडीचं वरचं टोक. तिथे समुद्र संपतो. समोर डोंगर आणि डोंगरापलीकडे कॅनडा. वस्ती म्हणाल तर जेमतेम बाराशे. आणि उन्हाळ्यात एकेका दिवशी तीन-तीन, चार-चार बोटी धक्क्याला. वर्षाला दहा लाखांच्या वर माणूस त्या गावात उतरतो.”

“बाराशेंच्या घरी दहा हजार पाहुणे! मग बाथरूमांचं काय?”

“पाहुणे जेवायला नि झोपायला परत बोटीवरच जातात ना. सकाळी उतरले, संध्याकाळी पसार. रात्री गाव पुन्हा त्यांचं त्यांचं.”

“म्हणजे लग्नाला आल्यासारखे आले, आहेर न देताच गेले.”

“आहेर बरोबर दुसरीकडे जातो, ते सांगते पुढे. आधी धक्का ऐका. एका धक्क्याला लागून उभा कडा आहे आणि त्या कड्यावर बोटींची नावं रंगवलेली आहेत. बोटीवरचे खलाशी येऊन रंगवून जातात, कॅप्टनच्या नावासकट. शंभर वर्षं चाललीय म्हणे ही पद्धत.”

“आपल्याकडे किल्ल्यावर बदाम काढून नावं लिहितात, त्यांना आपण शिव्या घालतो. तिथे काय, हौस!”

“तर, २०२२ साली त्याच डोंगराच्या दरडी कोसळायला लागल्या. तिथली एक जागा बंद करावी लागली. आता त्या गावाला बोट म्हणजे अन्नदाता. धक्क्याची एक जागा गेली तरी अख्ख्या गावाच्या तोंडचं पाणी पळालं.”

काकूंनी एक शेंग मधोमध मोडली. “तू उतरून काय केलंस ते सांग. त्या कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या वहिनी गेल्या साली गेल्या होत्या, त्या म्हणे उतरल्याच नाहीत.”

“कुणी सांगितलं?”

“त्यांच्या सूनबाईनं. सगळे बाहेर गेले की बोट रिकामी असते, मसाजाला नंबर लवकर लागतो. आणि इथे येऊन सांगतायत, गाव फार छान होतं! गाव बघितलं कुठून, तर खिडकीतून.”

“अय्या! मला तर त्या गावातल्या कुठल्याशा मिठाईच्या दुकानाचं वर्णन ऐकवत होत्या.”

“ते ब्रोशरमधलं असणार. तू सांग.”

“एकच मोठा रस्ता, ब्रॉडवे. दोन्ही बाजूंना लाकडी दुकानं, लाकडाचेच फुटपाथ. चाललं की पायाखाली फळ्या ठकठक वाजतात. एका इमारतीचं अख्खं तोंड समुद्रातून वाहून आलेल्या लाकडांच्या तुकड्यांनी मढवलंय. सन १९०० मधलं काम. तुकडे किती, तर ८,८३३.”

“मोजले कुणी रिकामटेकड्यानं?”

“हिवाळ्यात तिथे दुसरं काम काय असणार! बरं, हा रस्ता सुरू झाला की पहिली काय दुकानं लागतात? हिऱ्यांची. एकाला लागून एक. आदल्या दिवशी बोटीवर एक बाई स्टेजवर उभी राहून सांगते, कुठे खरेदी करा. नावं कुणाची घेते? ज्यांनी जाहिरातीचे पैसे भरलेत त्यांची. कूपन दाखवलं की एक मणी फुकट. तो घ्यायला आत गेलं की दार मागे लागतं आणि समोरून आवाज येतो, ‘आइए आंटीजी!’”

“गे बाय माझे! तिथेही?”

“जयपूरचा मुलगा. उन्हाळ्यात अलास्का, हिवाळ्यात कॅरिबियन; बोटी जिकडे, तिकडे दुकान. काउंटरखाली हिटर, त्याच्यापाशी पाय. बोलतोय आमच्याशी, पण डोळा घड्याळावर. कारण कुठली बोट किती वाजता सुटते हे त्याला कॅप्टनपेक्षा पक्कं ठाऊक. सुटायची वेळ जवळ आली की भाव उतरायला लागतो. यांना म्हणाला, ‘अंकलजी, लास्ट प्राइस.’ हे म्हणाले, आमची दुपारची झोप राहिलीय, तेवढी दे.”

काकू इतक्या हसल्या की परात हलली. “म्हणजे आहेर तिकडे जातो होय!”

“हो ना. बोट सप्टेंबर-ऑक्टोबरात बंद झाली की ही दुकानं फळ्या ठोकून बंद. माणसं निघून जातात, पैसाही बराचसा त्यांच्याबरोबर. गावातली बाराशे माणसं उरतात. मोठं हॉस्पिटल नाही, दवाखाना तेवढा आहे. जास्त झालं तर विमानानं जूनोला न्यायचं.”

“मग बसवलं कुणी हे गाव असल्या ठिकाणी?”

“सोन्यानं! १८९६ मध्ये तिकडे कॅनडात, क्लोंडाइकच्या बाजूला एका ओढ्यात सोनं सापडलं. बातमी बाहेर फुटायला वर्ष लागलं. १८९७ च्या जुलैत सोनं घेऊन बोटी सान फ्रान्सिस्कोला आणि सिएटलला पोचल्या आणि लोक वेडे झाले. कारकून, मास्तर, न्हावी, सगळे निघाले. उतरायचं कुठे, तर स्कॅगवेला, नाहीतर शेजारच्या डायीला. आता तिथे एक म्हातारा कॅप्टन दहा वर्षं आधीपासून राहत होता. विल्यम मूर. त्याला म्हणे वाटतच होतं की इकडे कधीतरी सोनं निघणार, म्हणून १८८७ मध्येच त्यानं १६० एकर जागा धरली, झोपडी बांधली, बोटींसाठी धक्का करायला घेतला.”

“हुशार निघाला!”

“हुशार खरा, पण गर्दी आली आणि तिनं त्याला विचारलंसुद्धा नाही. त्याच्या जागेत प्लॉट पाडले, रस्ते आखले. वर त्यालाच सांगितलं, तुझं घर रस्त्यात येतंय, हलव.”

“अतिक्रमण! हे बाई अगदी आपल्याकडचं झालं.”

“म्हातारा कोर्टात गेला. बरीच वर्षं भांडला, शेवटी प्लॉटांच्या किमतीचा चौथा हिस्सा मिळाला. झोपडी अजून आहे, मी आत डोकावून आले. भिंतींना वर्तमानपत्रं चिकटवलेली, थंडी अडवायला.”

“आणि सोनं काढणारे?”

“त्यांचे हाल कुत्रा खाईना. कॅनडाच्या पोलिसांनी नियम केला, वर्षभराचं सामान बरोबर असल्याशिवाय हद्दीत पाऊल टाकायचं नाही. म्हणजे माणशी जवळजवळ एक टन. तेवढं एका खेपेत कुठलं न्यायला? तोच डोंगर पुन्हा पुन्हा चढायचा, उतरायचा. व्हाइट पास नावाच्या खिंडीच्या वाटेवर तीनेक हजार घोडी मेली. पुढे सहाशे मैल. आणि इतकं करून पोचले तेव्हा चांगल्या जागा आधीच्यांनी धरून ठेवलेल्या.”

“मग श्रीमंत झालं कोण?”

“हाच प्रश्न मीही तिथल्या गाइडला विचारला. ती हॅरिएट पुलेन नावाच्या बाईची गोष्ट सांगायला लागली. विधवा म्हणवून आली, पदरात चार पोरं, खिशात सात डॉलर. तंबूत स्वयंपाकाचं काम धरलं. रात्री रिकामे डबे ठोकून सपाट करायची, त्यांच्या थाळ्या बनवायची आणि त्यांत सुक्या सफरचंदांचे ‘ॲपल पाय’ भाजायची. घरापासून हजारो मैलांवर आलेले ते बाप्ये! तुटून पडले. त्या पैशांवर तिनं घोडी आणली, स्वतः डोंगरावर सामान वाहिलं, शेवटी हॉटेल काढलं. गावातलं सगळ्यांत नावाजलेलं.”

“बघ! खणणारे मेले नि डबेवाली तरली.” काकूंना भलतंच समाधान झालं. “भानगड म्हणालीस ती कुठली? ही तर कीर्तनात सांगण्यासारखी बाई.”

“भानगड म्हणजे सोपी स्मिथ. साबण विकायचा म्हणून सोपी. साबणाच्या वड्यांभोवती नोटा गुंडाळायचा, वर कागद, आणि लोकांसमोर ढिगात मिसळायचा. नोटेची वडी नेमकी त्याच्याच माणसाला लागायची. तो स्कॅगवेला आला आणि त्यानं चक्क तारऑफिस उघडलं. घरी खुशालीची तार करा, पाच डॉलर. पोरं रांगा लावायची. थोड्या वेळानं घरून उत्तरही यायचं, त्याचे पुन्हा पैसे.”

“मग त्यात वाईट काय?”

“गावात तारच नव्हती, काकू! ऑफिसातली वायर भिंतीबाहेर जायची आणि तिथेच संपायची. खरी तार आली १९०१ मध्ये, तोवर हा मरूनही गेला होता.”

काकूंची शेंग हातातच राहिली. “आणि उत्तरं?”

“ती याचीच माणसं लिहायची. बरेचदा त्यात असायचं, पैसे पाठव.”

“मेल्या!”

“गंमत म्हणजे हा मानाचा माणूस. १८९८ च्या चार जुलैच्या मिरवणुकीत घोड्यावर बसून मिरवला होता. चार दिवसांनी धक्क्यावर गोळीबार झाला, त्यात गेला. त्याच्या लोकांनी एका खाणवाल्याचं सोनं लुबाडलं होतं, गाव खवळलं होतं. फ्रँक रीड नावाच्या माणसाशी समोरासमोर चकमक झाली. रीडही पुढे बारा दिवसांनी गेला. दोघांच्या कबरी तिथल्याच दफनभूमीजवळ. रीडचा दगड केवढा मोठा आणि सोपीची साधी पाटी. पण फोटोला गर्दी कुणापाशी?”

“चोरापाशी. हे काय सांगायला पाहिजे?” मग काकूंनी गल्लीत इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. “आणि बाप्ये इतके जमले म्हणजे... ते दुसरंही असेलच.”

“होतं ना. खाली दारूचा गुत्ता, वर खोल्या. आता तिथे खाली हॉटेल आणि वर संग्रहालय. काउंटरमागे बाहुल्या मांडलेल्या असायच्या म्हणे, प्रत्येक मुलीची एक. मुलगी वर कामात असली की तिची बाहुली आडवी. मोकळी झाली की उभी.”

“शी बाई!” जरा थांबून, “हिशेब मात्र चोख.”

“आमच्या ह्यांना ते संग्रहालय बघायचं होतं. मी म्हटलं, आगगाडीत बसा.”

“आगगाडी कसली?”

“ती खरी बघण्यासारखी. १८९८ च्या मे महिन्यात काम सुरू केलं, जुलै १९०० मध्ये कॅनडातल्या व्हाइटहॉर्सपर्यंतचा मार्ग पुरा. तीन फुटी रूळ, वीस मैलांत जवळपास तीन हजार फूट चढ. खिडकीतून खाली बघितलं की ती जुनी पायवाट दिसते, खडकात जेमतेम एका घोड्यापुरती. पोटात गोळाच येतो. पण गाडी झाली तोवर सोन्याची लाट ओसरली होती. पुढे खाणींच्या मालावर चालली. खाणी बसल्या तशी १९८२ मध्ये बंद पडली. १९८८ मध्ये पुन्हा सुरू झाली ती आमच्यासारख्यांसाठी.”

काकू थोडा वेळ बोलल्या नाहीत. गवार संपत आली होती.

“आमचं वेंगुर्लं असंच गं. मी लहान असताना मुंबईची आगबोट यायची. बाहेर उभी राहायची, पडावातून माणसं किनाऱ्याला. ती येणार म्हटलं की बंदरावर चहावाले, हमाल, गाड्या, नुसती झुंबड. पावसाळ्यात बोटी बंद, की सगळं थंड. पुढे रस्ते झाले, एस.टी. झाली. बोट गेली ती गेलीच.”

“स्कॅगवेनंही ते बघितलं. २०२० मध्ये करोनानं एकही मोठी बोट आली नाही. अख्खा उन्हाळा. गावानं सरकारकडून आलेल्या मदतीतून माणशी महिन्याला हजार डॉलर वाटले, म्हणून लोक टिकले.”

“म्हणजे सोनंवाले गेले, खाणी गेल्या, आता बोटी. गावानं दर वेळी येणाऱ्या-जाणाऱ्याच्याच तोंडाकडे बघायचं.”

“दुसरं करणार काय? पण मला तिथली माणसं चिवट वाटली. दागिन्यांची दुकानं संपली की गर्दीही संपते, सातआठ गल्ल्या चालायची तयारी पाहिजे. पुढे घरं लागतात. अंगणात हे एवढाले डेलिया. एक आजी वाफ्यात वाकून काम करत होत्या. मी थांबले तर रुबार्बचा दांडा कापून हातात दिला. बोटीवर भाजी नेता येत नाही म्हटलं, तर म्हणाल्या, मग इथेच चाव. असलं आंबट!”

“आमच्या त्या वरच्या मजल्यावरच्या वहिनी जूनमध्ये जातायत. त्यांना सांग सगळं.”

“सांगितलं. आधी कॅनडाचा व्हिसा काढा म्हटलं. १८८६ चा एक अमेरिकन कायदा आहे, परदेशी झेंड्याच्या बोटीला सिएटलहून निघून सिएटललाच यायचं तर मध्ये एखादं परदेशी बंदर घ्यावं लागतं. म्हणून कॅनडात व्हिक्टोरियाला थांबतात. आपल्या पासपोर्टवर तो व्हिसा लागतो, नाहीतर बोटीवरच चढू देत नाहीत.”

“आणि पैसे कुठे खर्चायचे तेही सांग. हिवाळ्यात जो तिथे राहतो त्याच्याकडे.” काकूंनी परात उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. “खरं सांगू? वेंगुर्ल्याला येऊ दे की अशी बोट.”

“काकू! चार हजार माणसं एकदम उतरतील.”

“माझ्या अटींवर उतरतील. एका दिवशी एकच बोट. जेवायचं गावात, बोटीवर नाही. आणि पावसाळ्यात जो दुकान उघडं ठेवेल त्यालाच सीझनला बाजारपेठेत गाळा.”

“आणि हिरेवाले?”

“त्यांनी बोटीवरच विकावं.”

“तारऑफिस?”

“ते मी चालवीन,” काकू म्हणाल्या. “पाच डॉलर घेईन, पण उत्तर खरं देईन. ‘सूनबाई मजेत आहेत, मसाज चालू आहे.’”