बसलात काय, डॉक्टर?

आमच्या आरोग्य केंद्रात एक्स-रे नाही, तो तालुक्याला. सोनोग्राफी जिल्ह्याला आणि भूलतज्ज्ञ बहुधा स्वर्गलोकी. पावसाळ्यात घाटात दरड कोसळली की तालुका आणि जिल्हाही तिकडेच जातात. अशा ठिकाणी डॉक्टरच्या हक्काची एकच वस्तू उरते, ती म्हणजे खुर्ची. तीही सरकारी, डावीकडे कलणारी. या धंद्यातली निम्मी कामं बसूनच होतात हे कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं, आणि गावाला ते अजून पटलेलं नाही.

गावाच्या मते डॉक्टर म्हणजे सुई. गोळी काय, किराणा दुकानातही मिळते. सुईच्याही वर सलाईन. ‘त्याला सलाईन लावलंय’ म्हटलं की आजाराला प्रतिष्ठा येते, भेटायला माणसं येतात. जुलाबावर मी जलसंजीवनीचं पाकीट पुढे करतो तेव्हा आजी आधी पाकिटाकडे बघतात, मग माझ्याकडे. ‘एवढं शिकलास आणि साखर-मीठच का रे बाबा?’ 1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावात, निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्यानं माणसं पटापट मरत होती. सलाईन संपत आलेलं. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी ग्लुकोज, मीठ आणि सोड्याचं पाणी पिंपांतून वाटलं, ते पाजायला नातेवाइकांनाच बसवलं, आणि मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या आत आलं. हे सगळं मी आजींना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘त्यांच्याकडं संपलं होतं. तुझ्याकडं तर दिसतंय की ते टांगलेलं.’

साप चावल्यावर मात्र माझं बसणं गावाला असह्य होतं. शेतावरून चौघं जण माणसाला उचलून आणतात. पाचव्याच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत मेलेला साप, बऱ्याचदा बिचारी धामण. प्रतिविष आहे, नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच. पण ते उगाच देऊन चालत नाही, त्याचीच रिॲक्शन येऊन माणूस गारठू शकतो. म्हणून आधी दोन मिली रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत घ्यायचं आणि 20 मिनिटं ती नळी हलवायची नाही. नंतर तिरकी करायची. रक्त गोठलेलं नसेल तर घोणस किंवा फुरशाचं विष अंगात भिनलंय. नळी काचेचीच हवी आणि साबणानं धुतलेली चालत नाही, एवढाच तिचा काय तो तोरा. नाग-मण्यारीचं विष नसांवर जातं, त्यामुळे तेवढा वेळ मी रोग्याच्या पापण्या मिटू लागल्यात का ते बघत बसतो.

बाहेरून दिसतं ते असं: माणूस मरतोय आणि डॉक्टर घड्याळाकडे बघतोय. सहाव्या मिनिटाला कुणीतरी म्हणतंच, ‘दाक्तर, बसलात काय असे?’ दहाव्याला आमदारांच्या पीएचा फोन येतो. मी अदबीनं ‘हो साहेब’ म्हणतो. रक्ताला मात्र वशिला कळत नाही.

बसण्यातला खरा दादा माणूस म्हणजे डॉ. हिंमतराव बावस्कर. 1976 साली ते महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातला लाल विंचू दिसायला काळ्या इंगळीपुढे किरकोळ, पण चावला की घाम, ओकाऱ्या, बर्फासारखे हातपाय, आणि शेवटी फुप्फुसात पाणी. संत एकनाथांनी भारुडात यावर सत्त्वगुणाचा अंगारा सुचवलाय. तो आमच्या औषधांच्या मागणीपत्रकात बसत नाही. आणि त्या वेळची पुस्तकंही फारशी कामाला येत नव्हती. बावस्कर रोग्याच्या उशाशी बसले आणि नाडी, रक्तदाब, घाम टिपत राहिले. त्यातून त्यांना प्राझोसिन सुचलं. गोळी रक्तदाबाची, साधी, तोंडानं घ्यायची. 1986 साली ‘लॅन्सेट’नं ते छापलं. या विंचवानं मरणारी माणसं त्यानंतर वाचू लागली, तीसुद्धा सुईशिवाय! बिरवाडीतही कुणीतरी ‘बसलात काय’ म्हणालंच असेल, असा माझा दाट संशय आहे.

आमच्या केंद्रात आता या विद्येत माझ्यापेक्षा आशाताई पुढे आहेत. परवा कोकलणारं, आठ महिन्यांचं बाळ घेऊन आई आली. मी स्टेथोस्कोप सरसावला तर ताईंनी हातानंच थांबवलं. ‘सर, रडताना श्वास मोजत नाहीत. आधी पाजू दे.’ पाजून झालं, बाळ शांत झालं. ताईंनी झबलं वर केलं, घड्याळ समोर धरलं आणि पोटाकडे बघत बसल्या. पुरा एक मिनिट. अर्धा मोजून दुप्पट करणं त्यांच्याकडे चालत नाही. या वयात पन्नास किंवा त्याहून जास्त भरले तर न्यूमोनिया समजायचा. तेवढ्यात माझा फोन वाजला. जिल्ह्याचं ऑफिस, मासिक अहवाल हवा होता. ताईंनी नजर न हलवता हात लांबवला, फोन कट केला आणि म्हणाल्या, ‘छत्तीस, सदतीस... सर, तुम्ही बसा बघू.’