वाकण्याचे चार अर्थ

मराठी शब्दकोशात 'वाकणे' या क्रियापदाला जेमतेम दोन-चार ओळी मिळतात. कोशकार एकदा डहाणू-तलासरीला येऊन गेले असते, तर पुरवणी काढावी लागली असती.

अर्थ पहिला, कष्टकऱ्याचं वाकणं. पावसाळ्यात भाताच्या आवणीला चिखलात उतरायचं आणि दिवस मावळेस्तोवर ओणवं राहायचं. या वाकण्याला पाठदुखी म्हणतात. लवचीक धोरण म्हणत नाहीत.

अर्थ दुसरा, सावकारापुढचं वाकणं. लग्नासाठी कर्ज काढलं की वारली जोडपं 'लग्नगडी' व्हायचं आणि जन्मभर वेठीला राबायचं. २३ मे १९४५ला झरीच्या सभेत किसान सभेच्या गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या साक्षीनं हजारो वारल्यांनी ठरवलं, आता वेठ नाही. गवत कापायची योग्य मजुरीही मागितली. लगेच 'बंड झालं' अशी ओरड उठली. १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगडसह पाच जण गेले. म्हणजे वाकणं ही रीत होती आणि पाठ सरळ करणं हा गुन्हा. वेठ मात्र गेली ती गेलीच.

अर्थ तिसरा, नियमाचं वाकणं. यात आपण खरी प्रगती केली. १९९१मध्ये केंद्रानं डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला आणि प्रदूषणकारी उद्योगांना दार बंद केलं. १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून त्या दारावर राखणदार म्हणून प्राधिकरण बसलं. न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. डहाणूच्या किनाऱ्यावर वाढवण बंदराचा प्रस्ताव आला तेव्हा, १९९८मध्ये, या प्राधिकरणानं स्वच्छ 'नाही' म्हटलं.

मग नियम मोडायचा का? छे! मोडला की आवाज होतो. २०२०मध्ये दिल्लीच्या कागदांवर ठरलं की बंदर हा उद्योगच नव्हे. आता ७६ हजार कोटींहून अधिक खर्चाचं, समुद्रात हजारावर हेक्टर भराव घालणारं प्रकरण उद्योग नसेल, तर तो छंद असावा. घोलवडच्या बाईनं चिकूच्या चकत्या वाळवून विकल्या, की तो मात्र गृहउद्योग! ३१ जुलै २०२३ला त्याच प्राधिकरणानं बंदराला ना हरकत दिली, अर्थात अटींसह. वाकताना कमरेला पट्टा लावतात, तशा या अटी. ३० ऑगस्ट २०२४ला पालघरात पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजनही झालं. बंदराची भूमी अजून पाण्याखाली होती, पण पूजेला मुहूर्त लागतो, जमीन नाही. किनाऱ्यावरचे मच्छीमार 'एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द' म्हणत राहिले. त्यांना वाकायचं प्रशिक्षण मिळालेलं नाही. कौशल्य विकास खात्यानं लक्ष घालावं.

अर्थ चौथा, पुढाऱ्याचं वाकणं. हे हंगामी पीक. मतदान जवळ आलं की पुढारी विवळवेढ्याच्या महालक्ष्मीपुढे वाकतो, म्हाताऱ्यांच्या पाया पडतो, तारप्याच्या फेरात शिरून फोटोपुरता कंबर हलवतो. निकाल लागला की त्याची पाठ सरळ होते आणि पुढची पाच वर्षं आपल्याला ती पाठच दिसते.

व्याकरणाचं एक कोडं उरतं. 'वाकणे' अकर्मक, 'वाकवणे' सकर्मक. मग नियम कोणी वाकवला? सरकारी मराठीत उत्तर तयार असतं, 'अट शिथिल करण्यात आली आहे.' कर्ता फरार.

मंडळी, डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. अशा क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याप्रमाणे इथली जमीन प्रकल्पासाठी घेण्याआधी ग्रामसभेला विचारावं लागतं. तेव्हा ग्रामसभेला जा, ठराव मोठ्यानं वाचून घ्या, पटला तरच सही करा. सही करायला टेबलावर थोडं वाकावं लागतं. तेवढं वाकणं पुरे.